वाण परत करत नाहीत

६ जानेवारी, सोमवार

शकूने आज स्वतःहून हळदीकुंकवाचा विषय काढला. ऑपरेशन झाल्यापासून ती स्वतःहून दोनच गोष्टी म्हणते, ‘पडदा ओढा’ आणि ‘राहू दे’. त्यामुळे मी पेपर बाजूला ठेवून नीट ऐकलं.

दिवाळीनंतर पहाटेच्या अंधारात मोरीकडे जाताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात, हाड झकास जुळलंय. व्यायाम घ्यायला येणारी अक्षताही तेच म्हणते. पण शकू वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत जाते, खुर्चीपासून दारापर्यंत जाते आणि उंबरठ्याशी तिचे पाय थिजतात. गॅलरीत पाऊल टाकत नाही ते नाहीच. परवा अक्षता मला जिन्यात गाठून म्हणाली, “काका, भीती पायात नाहीये, मनात आहे. पण आत्ता बाहेर नाही पडल्या ना, तर मग कायमच्या घरात बसतील.” 

तर शकू म्हणाली, “ह्या वर्षी वाण म्हणून रात्रीचा दिवा द्यायचा. तो प्लगमध्ये लावायचा छोटा असतो ना, अंधार झाला की आपोआप लागणारा, तो. माझ्या ओळखीतली एकही बाई अंधारात पडायला नको.”

मी म्हटलं, दिव्यांचं माझ्याकडे लागलं. देवा, तुझे आभार. तिला कशाची तरी इच्छा झाली.

८ जानेवारी, बुधवार

देविकेने शीवहून फोनवर सांगितलं, “बाबा, लोहार चाळीत जा, तिथल्या दिव्यांच्या दुकानात समोर लावून बघून घे.” लेकीने बापाला खरेदी शिकवावी, हे दिवस आले. माझगावच्या गोदीत स्टोअर्सला आयुष्य गेलं माझं. माल बघून ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ लिहायचं हेच काम होतं. कितीतरी पुरवठादार माझ्या नावाने बोटं मोडत गेले.

मी ऑनलाइनच मागवले. शकूला एकटं सोडून बाजारात कोण जाणार? साडेचार तारे होते. पंचवीस दिव्यांचा एकच पॅक. विक्रेत्याचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ आहे, उच्चार करता येत नाही. असो, नावात काय आहे.

१३ जानेवारी, सोमवार

माल आला. खोकं चोख, मोजणी बरोबर. एक दिवा काढून भर दुपारी बोर्डात लावला. लावल्याबरोबर लख्ख पेटला! खोक्यावर लिहिलंय की फक्त अंधारात लागतो. आपला तर उजेडातही लागतो, म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्तच देतो. शकूला म्हटलं, पास. ती हसली. तिच्या गालाला ती खळी पडते हे मी विसरलोच होतो.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू पार पडलं. माझी रवानगी नेहमीप्रमाणे गॅलरीत. पुरुषांनी ह्या दिवशी चपलांवर लक्ष ठेवावं एवढीच अपेक्षा असते.

शकू काळी चंद्रकळा नेसून खुर्चीत बसली होती. बायका तिच्यासमोर वाकून कुंकू लावून घेत होत्या. सगळा मजला आला, खालच्या मजल्यावरची सुमेधा आणि तिचा ग्रूप आला, समोरच्या बिल्डिंगमधल्याही आल्या. ठाकूरद्वारच्या आमच्या ह्या जुन्या इमारतीत इतकी माणसं अजून राहतात ह्याचंच मला नवल वाटतं.

गॅलरीच्या टोकाच्या खोलीतल्या राधाबाईही होत्या. त्या दरवर्षी सकाळपासून येऊन तिळाच्या वड्या थापतात आणि बायका यायच्या सुमारास गुपचूप घरी जातात. नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली. शकू दरवर्षी थांबा म्हणते, त्या दरवर्षी “माजा काय काम वैनी” म्हणून सटकतात. आज शकूने खुर्चीतूनच हाक मारली, “राधाबाई, ह्या वर्षी मला तुमच्या मागे धावता येत नाही. तुम्हीच इकडे या.” आजारी माणसाला नाही कसं म्हणणार? आल्या. शकूने त्यांना सगळ्यांसारखंच हळदीकुंकू लावलं, हातात दिवा ठेवला.

राधाबाई तो दोन्ही हातांत धरून दारातच बराच वेळ उभ्या राहिल्या. मागच्यांचा रस्ता अडला. मला वाटलं, कसा लावायचा ते कळत नसेल, म्हणून मी बाहेरून समजावून सांगितलं. त्या नुसतंच “होय, होय” म्हणाल्या आणि पदराने नाक पुसत गेल्या. थंडी बाधली असावी.

२१ जानेवारी, मंगळवार

आमचा दिवा बोर्डावर दिसला नाही. शकू म्हणाली, “उजेड डोळ्यांवर येतो, काढून ठेवलाय.” रात्रीचा दिवा हिच्याच डोक्यातून निघाला आणि आता हिलाच उजेड नको. आजारपणाने माणूस लहरी होतं. मी वाद घातला नाही.

एक चांगलं झालं. शकू फोनवर बोलायला लागली. आज दुपारभर एकेकीला फोन चालू होते. मी मुद्दाम आतल्या खोलीत बसून राहिलो, म्हटलं, बोलू दे मोकळेपणी.

२३ जानेवारी, गुरुवार

मीही ग्राहकांचा अभिप्राय घेतला. जित्याची खोड! जिन्यात सुमेधा भेटली, तिला विचारलं, दिवा कसा चालतो? म्हणाली, “मस्त काका! दिवसभर चालतो.” समोरच्या बिल्डिंगमधली पद्मजा म्हणाली, “ऊबदार आहे अगदी.” राधाबाईंनी तर दिवा चांगला आहे असं तीन वेळा सांगितलं. त्यांचा दिवा सकाळीही चालू असतो, गॅलरीतून दिसतो. विझवत का नाही विचारलं तर म्हणाल्या, “देवाचो दिवो कोण इझवता भाऊ?”

इतकी एकमुखी वाहवा गोदीत कधी बघितली नाही. संध्याकाळी बसून पाच तारे दिले आणि चांगला लांबलचक इंग्रजी अभिप्राय लिहिला.

२७ जानेवारी, सोमवार

आज घाईत लिहितोय, अक्षर समजून घेणे.

सकाळी सुमेधा वर आली आणि मला गॅलरीत बोलावलं. तिच्या हातात दिवा होता, म्हणजे दिव्याचं उरलेलं. मागचं प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं, एक पिन काळी. “काका, सॉकेट पेटला. नवऱ्याने मेन बंद केला म्हणून. बाजूलाच बाळाचा पाळणा होता.” बाळ ठीक आहे. सगळे ठीक आहेत. हे आधी लिहायला हवं होतं.

मी म्हटलं, “पण तू तर मस्त चालतो म्हणालीस!”

ती ओशाळली. “दिवसभर चालतो म्हटलं ना. रात्री विझतो, काका. अंधार झाला की बंद. आणि हात लावला की चटका बसतो. आम्ही गंमत म्हणून आठवडाभर तसाच ठेवला.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाणाला कोण नावं ठेवतं? आणि काकूंनी एवढ्या दुखण्यातून उठून दिलेलं…”

भर दुपारी पेटलेला दिवा मी स्वतः पास केला होता. माल सांगितल्यापेक्षा जास्त देतो म्हणे! हा माल गोदीच्या फाटकावर आला असता तर तिथूनच परत गेला असता, निदान असं मी आयुष्यभर समजत आलो.

सुमेधाला एकच विनंती केली, शकूला कळू देऊ नको. तिच्या हातून दिलेल्या वाणाने पाळणा जळता जळता राहिला हे ऐकलं, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. सुमेधाने माझाच हात थोपटला. जिचं घर जळणार होतं तीच मला धीर देत होती. किती ऋण मानू?

२८ जानेवारी, मंगळवार

दारोदार हिंडलो. सगळीकडे तोच तमाशा. “दिवा कसा आहे?” “छान.” “खरं सांगा, मला सगळं कळलंय.” मग कुठे तोंडं उघडली. एकीचा पहिल्याच दिवशी गेला. एकीने चटका बसला म्हणून काढून लोणच्याच्या बरणीमागे ठेवला. पद्मजा म्हणाली, “ऊबदार म्हटलं होतं ना मी, भाऊजी.” सगळ्यांनी आपापलं एकेकट्याने गिळलं, म्हणून कुणालाच कळलं नाही की सगळेच दिवे वाईट आहेत. आपल्या लोकांचा चांगुलपणा एखाद दिवशी आपल्याला जाळून मारील.

बहुतेकींनी दिवे काढून ठेवलेत हे ऐकून जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता माझ्याकडे द्या, कंपनीला परत करतो. तर एकजात सगळ्या दोन पावलं मागे! “वाण परत करत नाहीत.” कॉलेजात शिकवणारी पद्मजासुद्धा! म्हणाली, “मी मानत नाही हो असलं काही. पण शकूताईंचं आजारपण, त्यात वाण परत करायचं… नकोच. माझ्या हातून नको.” ज्या बाईसाठी मी परत मागतोय, तिच्याचसाठी ह्या देत नाहीत.

राधाबाईंच्या खोलीशी पोचलो तर दिवा चालूच. आत वायर जळल्याचा वास येत होता. मी हात पुढे केला तर त्या बोर्डासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

“राधाबाई, आग लागेल!”

“नाय लागणा. मी हात लावून बघतंय अधनंमधनं. ऊन झालो की फुंकर मारतंय.”

विजेच्या दिव्याला फुंकर! मी जरा आवाज चढवला, कबूल करतो. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, “भाऊ, माका इतक्या वर्सांत कोणी वाण दिल्यान नाय. वैनीन दिल्यान. तां मी इझवूक नाय.”

हटवादीपणाला औषध नसतं. परत आलो.

२९ जानेवारी, बुधवार

कंपनीशी बोलणं. आधी एक यंत्र ‘आपल्या भावना आम्ही समजतो’ असं परत परत सांगत होतं. मी माझ्या भावना अजून सांगितल्याच नव्हत्या. शेवटी माणूस मिळालं, स्पृहा नावाची मुलगी. सुरुवात हिंदीत झाली, माझं हिंदी ऐकून तिने दयाबुद्धीने मराठी सुरू केलं.

ती म्हणाली, तुमचा पॅक एक, म्हणून परतही एकच घेता येईल, पूर्ण. पूर्ण आला तर माल तपासणीला जाईल आणि मग हा विक्रेता बंद होऊ शकतो. मी सगळी हकीकत सांगितली.

“काका, वाण म्हणून दिलेत तुम्ही? मग परत कसे मागणार? माझी आई तर जीव गेला तरी देणार नाही.”

“तेच तर, बाळ.”

“मी पिकअप पाच तारखेचा टाकते. तोपर्यंत बघा काही होतं का.” मग हलक्या आवाजात, “काकू कशा आहेत आता?” म्हणून विचारलं. ह्या मुलीचं तोंड मी कधी बघणार नाही. तिचं भलं होवो. माझा पाच ताऱ्यांचा अभिप्रायही तिने काढून टाकायला मदत केली.

१ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस राधाबाईंच्या दारावरून ये-जा करतोय, नाक वर करून वास घेत. लोकांना वाटत असेल, म्हाताऱ्याला मासळीचे डोहाळे लागले. त्या घरात नसताना दिवा काढून घ्यावा असंही मनात आलं, पण त्या कुठे जातच नाहीत. आणि कुणाच्या घरात अशी चोरी करणं मला जमणार नाही.

आज मासळी साफ करताना सुचलं. वाण बाईने बाईला द्यायचं असतं. मी पुरुष, मला त्या देणार नाहीत आणि माझं ऐकणारही नाहीत. शकूला सांगण्यावाचून गत्यंतर नाही. हात धुतले, जाऊन तिच्यासमोर बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं, पाळण्यासकट. तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

ती म्हणाली, “आपला दिवा तापतो हे मला हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. हाताला फोड आला होता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही इतक्या कौतुकाने पास केला होतात. मला वाटलं, आपला एकच वाईट निघाला. म्हणून सगळ्यांना फोन करून विचारलं. सगळ्या म्हणाल्या, उत्तम.” मग एकदम उसळली, “सटव्या कुठल्या!” आणि डोळे पुसायला लागली. हसते की रडते ते मला कळेना. बहुतेक दोन्ही.

मी घाबरलो होतो तसं काही झालं नाही. भिंतीकडे तोंड केलं नाही. उलट जेवताना म्हणाली, “वाण परत घेता येत नाही, बरोबर आहे त्यांचं. पण मला कुणी वाण दिलं तर मी थोडीच नाही म्हणणार? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. त्यांना सांगा, मंगळवारी तेच दिवे ताटात घालून इकडे या.”

एवढी साधी गोष्ट! गोदीत अशी एक बाई असती तर निम्म्या फायली बंद झाल्या असत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल लिहायला झालं नाही. आज दुपारी कंपनीचा माणूस खोकं घेऊन गेला. पंचवीसच्या पंचवीस, त्यात सुमेधाचा वितळलेलाही. कालचं आता लिहितो.

काल संध्याकाळी सगळ्या आल्या. ताटात हळदीकुंकू, तिळगूळ आणि तो नतद्रष्ट दिवा. एकेकीने शकूला कुंकू लावलं आणि दिवा तिच्या मांडीवर ठेवला. सुमेधाने बाळालाही आणलं होतं. शकूने त्याला उराशी धरलं आणि बराच वेळ खाली दिलं नाही. बायका हसत होत्या, एकमेकींना “तुझा किती तापायचा गं” विचारत होत्या. मी गॅलरीत चपला राखत होतो आणि मनात एकेकीचे आभार मानत होतो.

राधाबाई आल्या नाहीत. सुमेधा बोलवायला गेली आणि एकटीच परत आली. म्हणाली, “त्या म्हणतात, माझ्यासारखीने सवाष्णीला वाण द्यायचं नसतं. वैनी नुकती दुखण्यातून उठली, तिला काही झालं तर?”

पद्मजा म्हणाली, “जाऊ दे, मी जाते आणि घेऊन येते.” शकू म्हणाली, “कुणी जायचं नाही.” मग माझ्याकडे न बघता, “वॉकर द्या.”

मी वॉकर पुढे केला. ती उठली. उंबरठ्याशी आली आणि थांबली, रोज थांबते तशीच. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिचा एक पाय बाहेर होता. मग दुसरा आला. मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, “तुम्ही मागे राहा.” गॅलरी कधी नव्हे इतकी लांब वाटली. बायका आपापल्या जागी खिळल्या होत्या. वॉकरचा तेवढा टक टक आवाज.

राधाबाई दारातच आल्या होत्या. त्यांच्या मागे, खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, बोर्डावर तो दिवा पेटलेला.

शकू म्हणाली, “राधाबाई, मी वाण मागायला आलेय.”

“वैनी, माज्या हातान नको…”

पदर पसरायला दोन हात लागतात. शकूने वॉकर सोडला. दोन्ही हातांनी पदराची टोकं धरली आणि ती तशीच, कशाचाही आधार न घेता, त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचे पाय थरथरताना मला मागून दिसत होते.

“अगो बाये, पडशात!” राधाबाई ओरडल्या.

“मग लवकर द्या.”

राधाबाई धावल्या. बोर्डातून दिवा उपटला, चटका बसला असणार, पण त्यांनी तो सोडला नाही, पदरात टाकला. मग इकडे तिकडे बघत राहिल्या, त्यांच्या घरात कुंकू नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्यावरून मसाल्याचा डबा घेऊन आल्या आणि त्यातली चिमूटभर हळद शकूच्या कपाळाला लावली. नुसती लावली नाही, हात तिथेच राहिला. शकूने मान खाली केली होती. दोघीही रडत होत्या, आणि मीही. लपवायला मागे वळलो तर मागे सगळ्या बायका उभ्या.

परत येताना शकूने राधाबाईंचा दंड धरला होता. बोलत बोलत दोघी आमच्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा. वॉकर राधाबाईंच्या दारातच राहिला होता, तो मी मागून घेऊन आलो.